गुडघ्यामागचा फुगवटा दुखत नाही, मग ऑपरेशन कशाला?

पत्राचा सारांश: पत्रलेखक ६७ वर्षांचे गृहस्थ आहेत. डाव्या गुडघ्याच्या लवणीत मऊसर गाठ हाताला लागली. बेकर सिस्ट (गुडघ्याच्या सांध्यातल्या द्रवाची पिशवी) असेल अशा समजुतीने सोनोग्राफी केली, तर ती गाठ म्हणजे धमनीचा फुगवटा, म्हणजेच ॲन्युरिझम निघाला. डावीकडे रुंदी २६ मिलिमीटर आणि आत गुठळीचा थर. उजवीकडे १६ मिलिमीटर, गुठळी नाही. सीटी ॲन्जिओग्राफीच्या अहवालात ‘डाव्या पोटरीतील तीनपैकी दोन वाहिन्या खुल्या’ असेही लिहिले आहे. पाय दुखत नाही, चालताना थांबावे लागत नाही. रक्तदाबाची गोळी चालू आहे, सहा वर्षांपूर्वी सिगारेट सोडली. एका सर्जनने पायातलीच शीर वापरून बायपास सुचवला. दुसऱ्याने जांघेतून स्टेंट टाकून दोन दिवसांत घरी सोडतो म्हटले. मुलाचा कल स्टेंटकडे. पत्रलेखकांना वाटते की फुगवटा अजून फुटण्याइतका मोठा झालेला नाही, आणि शीर काढली तर पाय कायमचा अधू होईल. ते रोज दोन-तीन तास उकिडवे बसून बागकाम करतात. थांबावे, स्टेंट घ्यावा की बायपास करावा, असा त्यांचा प्रश्न आहे.

उत्तर:

तुमच्या पत्रातली सगळी भीती फुगवटा फुटण्याभोवती फिरते आहे. पोटातल्या महाधमनीच्या ॲन्युरिझमला ती भीती लागू पडते. गुडघ्यामागे मात्र हिशेब वेगळा आहे. इथला ॲन्युरिझम क्वचितच फुटतो. तो बुजतो, किंवा आतल्या गुठळीचे तुकडे खाली पोटरीत आणि पावलात पाठवतो. नदीच्या डोहात पाणी संथ झाले की तळाला गाळ बसतो, तसे रुंदावलेल्या धमनीत रक्त रेंगाळते आणि भिंतीला गुठळीचे थर चढतात. गुडघा वाकतो, सरळ होतो, त्यात हे थर सुटतात. म्हणून ‘अजून किती मोठा झाला की धोका’ या प्रश्नाने तुम्हाला निम्मेच उत्तर मिळेल. उरलेले निम्मे उत्तर खालच्या वाहिन्यांची स्थिती देते.

तिथेच तुमच्या अहवालातली ती ओळ येते, जी तुम्ही पत्रात सहज उतरवून पुढे गेला आहात. गुडघ्याखाली धमनीच्या तीन शाखा पावलाकडे जातात. तुमच्या डाव्या पायात त्यांतली एक बंद आहे. ती सिगारेटच्या वर्षांमुळे, धमनीकाठिण्याने बंद झाली असेल, हे शक्य आहे. पण वर २६ मिलिमीटरचा गुठळीने भरलेला फुगवटा असताना पहिला संशय त्याच्यावरच जातो. तुकडे सुटले, एक वाहिनी हळूहळू बुजली, उरलेल्या दोघींनी भार उचलला आणि तुम्हाला काहीच जाणवले नाही. ‘मला काही होत नाही’ याचा अर्थ ‘माझ्या पायाला काही झालेले नाही’ असा होत नाही. दुसरी वाहिनी गेली तर चालताना पोटरी भरून येऊ लागेल. एखाद्या दिवशी फुगवटाच बुजला, तर रक्त उतरायला पुरेसा मार्ग उरणार नाही, आणि त्या वेळी बायपास जोडायला खाली चांगली वाहिनीही सापडणार नाही. पाय गमवावा लागतो तो बहुतेक याच वाटेने.

साधारण नियम असा. गुडघ्यामागच्या धमनीची नेहमीची रुंदी ७ ते ९ मिलिमीटर. लक्षणे नसली तरी २० मिलिमीटर गाठले की दुरुस्तीचा विचार करायचा. हृदय, फुप्फुस, मूत्रपिंड यांमुळे शस्त्रक्रियेचा धोका जास्त असेल आणि आत गुठळी नसेल, तर ३० मिलिमीटरपर्यंत थांबता येते. उलट, २० च्या आत असूनही गुठळी आहे आणि खालच्या वाहिन्या बुजत चालल्या आहेत, तर लवकर हात घालावा लागतो. तुमचा डावा पाय यांतल्या दोन निकषांवर बसतो: आकार आणि गुठळी, शिवाय एक शाखा आधीच बंद. म्हणून ‘थांबू का?’ याचे उत्तर नाही असे आहे. उद्या सकाळी दाखल व्हायची घाई नाही. तपासण्या करायला, दोन्ही सर्जनना पुन्हा भेटायला काही आठवडे घ्या. काही महिने घेऊ नका.

आता स्टेंट की बायपास. ‘लहान छेद म्हणजे लहान ऑपरेशन’ हे पहिल्या आठवड्यापुरते खरे आहे. पुढच्या दहा वर्षांचा विचार केला की चित्र बदलते, आणि ६७ व्या वर्षी तो विचार करायलाच हवा.

स्टेंट-ग्राफ्ट म्हणजे धातूच्या जाळीवर कापडासारखे अस्तर चढवलेली नळी. ती जांघेतल्या धमनीतून आत नेऊन फुगवट्याच्या आरपार उघडतात, म्हणजे रक्त नळीतून जाते आणि फुगवटा बाजूला पडतो. नळी घट्ट बसायला फुगवट्याच्या वर आणि खाली साधारण दोन सेंटिमीटर निरोगी धमनी लागते. खालच्या बाजूला ती मिळेलच असे नाही, कारण गुडघ्याच्या जरा खालीच शाखा फुटायला लागतात. फुगवटा लांब असेल तर दोन-तीन नळ्या एकमेकींत घालाव्या लागतात. त्यांचा जोड नेमका गुडघ्याच्या वळणावर आला तर तिथेच नळी मुडपते, जाळीचा तार तुटतो किंवा आतून गुठळी धरते. वरची धमनी रुंद आणि खालची अरुंद असली की मापाचा घोळही होतो: मोठी नळी अरुंद जागेत चुण्या पाडते, लहान नळी वरून गळते. खालच्या वाहिन्या जितक्या कमी, तितका नळीतला प्रवाह संथ आणि ती बुजण्याची शक्यता जास्त. शिवाय ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या गुठळी होऊ न देणाऱ्या दोन्ही गोळ्या काही महिने न चुकता घ्याव्या लागतात, पुढे त्यांतली एक कायमची. दाताच्या उपचारासाठी कोणीतरी ‘चार दिवस बंद ठेवा’ म्हणाले आणि स्टेंट बुजला, असे व्हायला नको. सर्जनला विचारल्याशिवाय एकही डोस थांबवायचा नाही.

हे सगळे वाचून स्टेंट वाईट आहे असे समजू नका. हृदयाची पंपिंग क्षमता कमी असलेल्या, किंवा पायात वापरण्याजोगी शीरच न उरलेल्या माणसासाठी तो उत्तम पर्याय आहे. त्याचा फायदा म्हणजे लहान जखम, कमी मुक्काम, लवकर चालणे. तोटा असा की पुन्हा काही प्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण जास्त. आणि तुम्ही रोज दोन-तीन तास गुडघा पूर्ण दुमडून बसता. दुसऱ्या सर्जननी तुम्हाला हे विचारले होते का? पत्रात तसे दिसत नाही. विचारले नसेल तर तुम्हीच सांगा, कारण या एका माहितीने त्यांचा सल्ला बदलू शकतो.

बायपासबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तो दोन प्रकारे होतो आणि रुग्णाला बहुधा ‘बायपास’ एवढेच सांगितले जाते.

पहिला मार्ग पायाच्या आतल्या बाजूने. पाठीवर झोपवून गुडघ्याच्या वर एक आणि खाली एक छेद घेतात. फुगवट्याच्या दोन्ही टोकांना धमनी बांधून टाकतात आणि मांडीतून काढलेला शिरेचा तुकडा वरून खाली जोडतात. त्याच पायातली शीर त्याच छेदातून लांबवर काढता येते, म्हणून फुगवटा मांडीपर्यंत चढला असेल किंवा खाली दूरवर जोड द्यायचा असेल तर हाच मार्ग सोयीचा. यातली उणीव अशी की फुगवटा जागेवरच राहतो. गुडघ्याला रक्त देणाऱ्या बारीक शाखा त्यात उघडतात, आणि दोन्ही टोके बांधली तरी त्या उलट्या दिशेने रक्त भरत राहू शकतात. मग काही वर्षांनी ‘बायपास चालू आहे, पण मागची गाठ वाढते आहे’ अशी तक्रार येते. हे टाळायला धमनी फुगवट्याच्या जितक्या जवळ बांधता येईल तितकी जवळ बांधतात.

दुसरा मार्ग मागून. पालथे झोपवून लवणीत इंग्रजी एस आकाराचा छेद घेतात. सरळ उभा छेद घेतला तर भरताना कातडी आखडते आणि गुडघा सरळ होत नाही. इथे फुगवटा उघडतात, गुठळी काढतात, बारीक शाखांची तोंडे आतूनच टाके घालून बंद करतात आणि मधल्या जागेत शिरेचा छोटा तुकडा दोन्ही टोकांना जोडतात. गाठ राहत नाही, पुन्हा भरण्याचा प्रश्न जवळजवळ मिटतो, आणि फुगवटा मोठा असून बाजूची शीर किंवा नस (मज्जातंतू) दाबत असेल तर तो दाबही जातो. पण फुगवटा लवणीपुरताच असेल तरच हे जमते. मांडीत वर किंवा शाखांच्या खाली पोहोचायला मागून जागा अपुरी पडते. पोटरीची नस आणि पाऊल वर उचलणारी नस या भागातूनच जातात, त्यामुळे त्यांना ताण बसण्याचा धोका इथे अधिक. शुद्धीवर आल्यावर पायाचा अंगठा वर उचलता येतो का हे पाहतात ते म्हणूनच.

आतून टाके घालण्याची ही युक्ती जुनी आहे. १८८८ साली न्यू ऑर्लिन्सच्या रुडॉल्फ मातास यांनी ती दंडातल्या ॲन्युरिझमवर प्रथम वापरली. त्याआधी शंभर वर्षे, १७८५ मध्ये, लंडनच्या जॉन हंटर यांनी एका घोडागाडीवानाच्या गुडघ्यामागच्या ॲन्युरिझमसाठी मांडीतली धमनी बांधून पाय वाचवला होता. बाजूच्या बारीक वाहिन्यांनी रक्त पुरवले. आज नुसते बांधून कोणी थांबत नाही, पण बांधणे आणि आतून शिवणे या दोन्ही कल्पना तुमच्यासमोरच्या पर्यायांत अजून आहेत.

शीर काढल्याने पाय अधू होईल ही भीती मनातून काढून टाका. जी शीर घेतात ती कातडीखालची लांब शीर. पायातले बहुतेक रक्त खोलवरच्या शिरांतून वर जाते. वरची काढली तर त्यांना फरक पडत नाही. अपवाद एकच: खोल शिरांत पूर्वी गुठळी होऊन त्या बंद असतील तर वरचीच शीर रक्त वाहत असते, ती काढू नये. म्हणून शस्त्रक्रियेआधी दोन्ही पायांच्या शिरांची डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) तपासणी आणि मापन करून घ्या. शीर किमान तीन मिलिमीटर रुंद, मऊ आणि जुन्या सुजेच्या खुणा नसलेली हवी. शीर योग्य नसेल तर पीटीएफईची कृत्रिम नळी वापरतात. लवणीतल्या आखूड जोडाला ती चालून जाते, पण गुडघ्याखाली लांब जायचे असेल तर शिरेइतकी टिकत नाही. चांगली शीर वापरून, घाईची वेळ येण्याआधी केलेला बायपास पाच वर्षांनी साधारण चारांपैकी तिघांत चालू असतो. पाय थंडगार पडल्यावर केलेल्या शस्त्रक्रियेत इतके चांगले निकाल मिळत नाहीत.

तुमची कागदपत्रे जशी पत्रात आली आहेत तशीच असतील, हृदयाची तपासणी ठीक निघाली आणि शीर चांगली सापडली, तर माझा कल स्पष्टपणे बायपासकडे आहे. फुगवटा लवणीपुरता असेल तर मागून. हृदयाच्या तपासणीत काही गंभीर सापडले, तर स्टेंटकडे वळायला संकोच करू नका. दोन्ही सर्जनना विचारायचे प्रश्न थोडेच आहेत, पण नेमके विचारा: माझा फुगवटा कुठून कुठपर्यंत आहे? नवा जोड नेमका कोणत्या वाहिनीवर येणार, आणि ती पावलापर्यंत खुली आहे का? फुगवट्यातल्या बारीक शाखांचे काय करणार? जखम शिवण्याआधी जोडातला प्रवाह डॉपलरने किंवा ॲन्जिओग्रामने तपासणार का? पहिल्या महिन्यात बायपास बुजतो तो बहुतेक तांत्रिक कारणाने, म्हणजे शिरेला पीळ पडणे, झडप अडणे किंवा जोड अरुंद होणे. तो दोष टेबलावरच सापडला तर तिथेच दुरुस्त होतो. स्टेंट सुचवणाऱ्यांना एवढे जास्त विचारा: किती नळ्या लागतील, जोड कुठे येईल, आणि उद्या स्टेंट बुजला तर बायपाससाठी जागा उरेल का?

शस्त्रक्रिया साधारण दोन ते चार तासांची, कमरेतून किंवा पूर्ण भूल देऊन. धमनीला चिमटा लावण्याआधी हेपरिन हे रक्त गोठू न देणारे इंजेक्शन देतात, म्हणून आधीच्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची यादी भूलतज्ज्ञाला द्यायला विसरू नका. दुसऱ्या दिवशी उभे करतात, मुक्काम बहुधा चार ते सात दिवस. पाय दोन-तीन महिने सुजतो. ही सूज घाबरण्यासारखी नाही, बसताना पाय उंच ठेवा. पण दाबाचे मोजे सर्जनने सांगितल्याशिवाय चढवू नका, नव्या वाहिनीवर दाब येऊ शकतो. सूज अचानक एकदम वाढली आणि पोटरी दुखायला लागली तर मात्र खोल शिरेतली गुठळी नाही ना ते तपासावे लागते. पायाच्या आतल्या बाजूला बधिरपणा राहतो, तो हळूहळू कमी होतो किंवा थोडा कायम राहतो. जखमेतून स्वच्छ पाणी झिरपले तर तो बहुधा लसिकास्राव, म्हणजे लसिकावाहिन्यांतून झिरपणारा द्रव; पू, लाली किंवा ताप असेल तर त्याच दिवशी दाखवायचे. रात्री झोपताना गुडघ्याखाली उशी ठेवायची सवय लावू नका, विशेषतः मागून छेद असेल तर. गुडघा वाकलेलाच आखडून बसतो. उकिडवे बसणे टाके भरेपर्यंत बंद. नंतर सर्जनला विचारून, आणि बागेत एक बुटके स्टूल कायमचे आणून ठेवलेले बरे.

शिरेचा बायपास आतून अरुंद होतो तो बहुतेक पहिल्या दोन वर्षांत, आणि काहीही न दुखता. म्हणून ३, ६ आणि १२ महिन्यांनी डॉपलर, मग दरवर्षी. अहवालात प्रवाहाचा वेग सेकंदाला ३०० सेंटिमीटरच्या वर किंवा शेजारच्या भागाच्या साडेतीन पटीहून जास्त दिसला, तर तिथे अरुंदपणा गंभीर आहे. तो फुग्याने किंवा छोट्या छेदाने सोडवता येतो. बुजल्यावर आलेल्या माणसापेक्षा बुजण्याआधी आलेल्याचे काम कितीतरी सोपे असते. ॲस्पिरिन आणि स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) चालू ठेवायचे. सिगारेट सोडली आहेच, ती सोडलेलीच राहू द्या.

उजव्या पायातल्या १६ मिलिमीटरला आत्ता हात लावायचा नाही. गुठळी नाही, आकार मर्यादेखाली. वर्षातून एकदा सोनोग्राफी. पण पत्रात एक तपासणी कुठेच दिसली नाही. गुडघ्यामागे ॲन्युरिझम असणाऱ्या तिघांतल्या किमान एकाला पोटातल्या महाधमनीतही तो असतो. सीटी पायांपुरतीच झाली असेल तर पोटाची साधी सोनोग्राफी करून घ्या, आणि ती पायाच्या शस्त्रक्रियेआधी. तिथे मोठा फुगवटा निघाला, तर बहुधा आधी तो आणि मग पाय, असा क्रम लागतो.

असेच पत्र लिहू पाहणाऱ्या इतरांसाठी दोन गोष्टी. लवणीतली गाठ हाताखाली ठोके देत असेल, किंवा ती नेमकी काय आहे ते सोनोग्राफीने ठरलेले नसेल, तर तिच्यात सुई घालू देऊ नका आणि तिला चोळूही नका. आणि ॲन्जिओग्राफीनंतर जांघेत उसळणारी गाठ आली असेल तर ती वेगळी गोष्ट आहे: सुई टोचलेल्या भोकातून बाहेर आलेले रक्त तिथे साठलेले असते. ती लहान असेल तर आपोआप बुजते, नाही तर सोनोग्राफीखाली थ्रॉम्बिन या रक्त गोठवणाऱ्या औषधाचे इंजेक्शन देऊन बहुतेकदा बंद होते. झपाट्याने वाढत असेल, वरची कातडी ताणून निळी पडली असेल किंवा जागा जंतुसंसर्गाने लाल झाली असेल, तरच शस्त्रक्रिया.

तारीख ठरेपर्यंत तुमच्याकडे लक्ष ठेवण्याचे काम आहे. डावे पाऊल अचानक थंड, पांढरे किंवा निळसर पडले, मुंग्या येऊन बधिर झाले, बोटे हलेनाशी झाली किंवा पोटरीत असह्य कळ आली, तर शेकायचे नाही, चोळायचे नाही, पाय उंच करायचा नाही, काही खायचे-प्यायचे नाही. स्नायू आणि नसा रक्ताविना साधारण सहा तासच तग धरतात, आणि पाय बधिर झाला असेल तर तेवढाही वेळ नसतो. जवळच्या दवाखान्यात थांबण्यापेक्षा व्हॅस्क्युलर सर्जन असलेल्या रुग्णालयात फोन करून थेट जा. सीटीचा अहवाल आणि डिस्क एका पिशवीत दाराजवळ ठेवा, आणि ती कुठे आहे हे मुलालाही माहीत असू द्या.